मांडी घालता यावी एवढंच

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती, दुसऱ्या महाविद्यालयातून आलेले परीक्षक शेजारी बसले होते आणि टेबलावरचा माझा फोन थरथरून थांबत होता, पुन्हा थरथरत होता. शेवटी मी तो उचलला तो वैतागून. पडद्यावर दाजींचे नाव होते, आणि आदल्या दिवसापासून त्यांचे फोन एकाच तक्रारीचे येत होते. या वेळी मात्र तक्रार नव्हती. "मल्लू, अक्का न्हाई रं ऱ्हायली," ते म्हणाले. सैन्यात उमेदीची वर्षे काढलेल्या त्या माणसाचा आवाज हजेरी द्यावी तसा सपाट होता. "सांगलीला न्यायला जीप काढली हुती. वाटंतच... तू ये. तू आल्याबिगर हितं कायबी हुणार न्हाई." मी "निघतोच" म्हणालो आणि फोन ठेवला. मग समोरच्या मुलांची अनुमापने तपासली, परीक्षकांबरोबर गुण जुळवले, हातातली तुकडी पूर्ण केली आणि त्यांनी मागवलेला चहाही घेऊन साताऱ्याहून निघालो. मला कोणी अडवले नव्हते. एका शब्दाने सांगितले असते तरी त्यांनी मला लगेच सोडले असते. पण जे व्हायचे ते झालेलेच आहे, आता घाई कशाची, असा एक स्वच्छ, शिस्तशीर विचार माझ्या मनात आला होता. असे विचार मला नेहमीच वेळेवर सुचतात.

दाजींच्या त्या वाक्याचा अर्थ मात्र सांगायला हवा. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरतात तेही आडवे नाही. देहाला आंघोळ घालून, विभूती लावून मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि बसलेल्या अवस्थेतच समाधीच्या खड्ड्यात उतरवतात. गेलेली बाई असेल तर अक्काच्या सासरी तिच्या माहेरचा माणूस पोहोचेपर्यंत आंघोळही घालत नाहीत. कराडच्या पुढे ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे माझी गाडी रखडत असताना, कुंडलच्या अलीकडच्या त्या गावात, ओसरीवर अक्का आडवी होती आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते.

तिचे नाव गौराबाई. पण आमचे माहेर मिरजेच्या बाजूचे, घरात निम्मे शब्द कानडी, त्यामुळे थोरली बहीण ती अक्का, आणि पुढे सासरच्या गावालाही ती अक्काच झाली. माझ्याहून ती बारा-तेरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर रानात, म्हणून मला वाढवले ते तिने. सकाळी आंघोळ करून ती जमिनीवर मांडी घालून बसे, गळ्यातले लिंग काढून डाव्या तळहातावर घेई आणि डोळे अर्धवट मिटे. तेवढा वेळ मी तिच्या पाठीशी रेलून बसायचे, बोलायचे नाही, असा नियम होता. एरवी तिचे तोंड बंद नसे. माझ्या लग्नात सगळ्यांच्या देखत ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "पोरी, ह्यो शाणा हाय खरा, पण ते शाणपण कपाटात ठिवून हिंडतोय. चावी तेवढी तू घे." मांडवात हशा उसळला. मीही हसलो. तिच्या जिभेला धार होती आणि ती धार कोणाही माणसाला चुकत नसे. मला वाटते, म्हणूनच तिच्यावर उलटून वार करताना कोणाला फारसा संकोच वाटला नाही.

बसू, तिचा मुलगा, रांगू लागला त्या सुमारास तिच्या बोटांची पेरे सुजू लागली. मग मनगटे, मग दोन्ही गुडघे. सकाळी ती अंथरुणावरून उठू शकत नसे. सांध्यांत कोणी ओले सिमेंट भरून ठेवले आहे, असे ती सांगे. ऊन ओसरीवर येईपर्यंत भिंतीला धरून बसायचे, मग हळूहळू बोटे उघडत, गुडघे हलू लागत, आणि दुपारपर्यंत ती चालू लागे. दळण-कांडण, धारा काढणे, भाकरी हे सगळे सकाळचे काम, ते चुकायचे. दुपारी पंगत बसली की अक्का उभी राहून वाढायची. सासूबाईंनी याचा हिशेब सरळ लावला. "कामाच्या येळंला गुडघं धरत्यात आन जेवायच्या येळंला सुटत्यात," त्या दारात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असे म्हणत. जावांनी तिचे नाव ठेवले होते : दुपारची यष्टी. "आली का गं दुपारची यष्टी?" "आली, आली, ताट मांडा!" अक्का गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "सासूबाईंच्या जिभेला सांदा न्हाई म्हणून बरं," ती भाकरी थापता थापता म्हणे, "न्हाईतर तीबी सुजली असती आन घराला इसावा मिळाला असता."

सुट्टीत मी तिच्याकडे जाई तेव्हा हे सारे माझ्यासमोर चाले, आणि मला ते नाव मजेशीर वाटे. एकदा मीच तिला हाक मारली, "काय यष्टी, आज वेळेवर?" तिने माझ्याकडे पाहिले. सासूला उत्तर देणारी अक्का मला मात्र उत्तर देत नसे... झिजलेला गुडघा चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर शांत होतो. सुजेचा संधिवात मात्र उलटा वागतो. विश्रांतीत तो आवळतो, हालचालीने सुटतो. म्हणूनच पहाट ही अशा माणसाची सर्वांत वाईट वेळ आणि दुपार त्यातल्या त्यात बरी. म्हणजे जे लक्षण पाहून आम्ही तिला कामचुकार ठरवले, नेमके त्याच लक्षणावरून वैद्यकाला तिचा आजार ओळखता आला असता. हे मी आता लिहू शकतो. तेव्हा त्या घरात हे कोणाला माहीत नव्हते, आणि माहीत करून घेण्याची गरजही वाटली नव्हती. नाव ठेवून झाले होते.

उपाय झाले नाहीत असे नाही. निर्गुडीचा शेक झाला, रुईची पाने तापवून बांधून झाली, तालुक्याच्या डॉक्टरांनी "झीज आहे, वयाप्रमाणे चालायचंच" म्हणून गोळ्या दिल्या. तेव्हा तिचे वय तिशीच्या आतबाहेर होते. त्या गोळ्यांनी पोटात जाळ उठू लागला म्हणून त्याही सुटल्या. मग सासूबाईंनी बिब्बा आणवला. तापवलेल्या बिब्ब्याच्या फुल्या दोन्ही गुडघ्यांवर उठवायच्या, म्हणजे वात जळतो. दोघी जावांनी तिचे पाय धरले होते. फोड आले, चिघळले, महिनाभर वाहिले. वात गेला नाही. फुल्यांचे काळपट वण तेवढे राहिले, दोन्ही गुडघ्यांवर. मी ते पाहिले तेव्हा अक्का म्हणाली, "बघ, गुडघ्यास्नीबी कुकू लावलंया. सवाष्ण झालं." आणि तीच हसली.

सासूबाई गेल्या त्या दिवशी मी तिथे होतो. म्हातारी पडून एक पाय कायमचा ताठ झालेला होता. आंघोळीनंतर मांडी घालायची वेळ आली तेव्हा बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला आणि आत भावकीतले दोघे तो गुडघा वाकवू लागले. आम्ही ओसरीत उभे होतो. आतून कुणाचे तरी "आजून जरा, आजून" ऐकू आले आणि मग एक आवाज. मोठा नव्हे, ताणलेली सुतळी सुटावी एवढाच. ज्या बाईने अक्काच्या गुडघ्यांवर बिब्बा घातला तिचाच गुडघा मोडला जात होता, आणि अक्काला त्यातून काही समाधान मिळाले असते तर मी ते समजू शकलो असतो. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. लोक स्मशानाकडे निघाल्यावर तिने मला गोठ्याच्या बाजूला नेले. "मल्लू, मला असं मोडू देऊ नगंस," ती म्हणाली. "माझं दोनी गुडघं असंच हाईत. मला बसवायची येळ येईल तवा मला नीट बसता आलं पायजे. जित्तेपणी न्हाई तर मेल्यावर तरी... तू माहेरचा. तुझा सबूद चालतोय. सांगशील न्हवं?" मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो की, अक्का, तूच लंगडत माझ्या मातीला येशील. मला वाटले, मी तिला हसवले. तिने पुन्हा विचारले, "सांगशील न्हवं?" मी हो म्हणालो.

तेव्हापासून तिला एकच हवे होते : मांडी घालता यावी. जमिनीवर बसून, लिंग तळहातावर घेऊन पूजा करता यावी, आणि त्या शेवटच्या दिवशी गुडघ्यांनी अडवू नये. मी साताऱ्याहून पाठ असलेली चांगली खुर्ची नेऊन दिली, तिच्यावर बसून पूजा कर म्हणालो. त्या खुर्चीवर तिने कोंबड्यांचे डालगे ठेवले. "देवाम्होरं पाय लोंबकळत सोडून बसू व्हय? मी काय झोपाळ्यावर हाय?" तिची शेजारीण हलीमाबी हिने मात्र योग्य ती वस्तू दिली. हलीमाबीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरण्याचा धंदा; तिने जाड, घट्ट भरलेली एक लहान चौरस गादी शिवून आणली. तिच्यावर अक्का गुडघे अर्धे दुमडून, एका बाजूला कलून कशीबशी बसायची. हलीमाबीचेही गुडघे सुजत. दोघी एकमेकींना शिव्या घालत, दोघी एकमेकींना तेल चोळत.

मिरजेच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीत, एक माणूस दर अमावस्येला सांध्यांसाठी पुडी देतो, ही बातमी हलीमाबीनेच आणली. गावातून वडापची, माणशी भाडे घेणारी एक जीप भरून बायका जाऊ लागल्या. पुडी रोज दुधातून घ्यायची, दुसरे कुठलेही औषध त्यासोबत चालवायचे नाही, आणि पुढच्या अमावस्येला पुन्हा यायचे. पहिल्या खेपेनंतर आठवडाही झाला नसेल, अक्काचा फोन आला. "मल्लू, मी कुठं बसून बोलतीया सांग बघू?" "कुठं?" "भुईवर! मांडी घालून! हलीमाबीला इचार पायजे तर, ही बघ म्होरंच हाय, बोल गं..." मागून हलीमाबी ओरडत होती, "बसलीया, बसलीया, आता उठंना म्हणून वराडतीया!" दोघी इतक्या हसत होत्या की मला पुढचे काही कळले नाही. नंतर मी गेलो तेव्हा ती खरोखरच त्या गादीवर ताठ बसून पूजा करत होती, आणि मी लहानपणीसारखा तिच्या मागे, भिंतीशी, न बोलता उभा राहिलो.

वर्ष गेले, दुसरे गेले. अक्काचा चेहरा गोल होऊ लागला, गाल वर आले, मानेमागे मांसाचा उंचवटा आला. गाव म्हणू लागले, अक्का अंगाने भरली, आता कुठे सुखाला लागली. हातपाय बारीकच राहिले होते, कातडीवर जरा धक्का लागला तरी निळे डाग उठत, पण ते कोण पाहतो? आमच्याकडे चेहरा भरला की माणूस बरा झाला. दक्षिणेत सोने गाळण्याचे दुकान चालवणारा बसू दिवाळीला आला तेव्हा आईकडे पाहून इतका खूश झाला की जाताना जीपवाल्याला सांगून गेला, आईला दर अमावस्येला पुढच्या सीटवर बसवत जा. मीही खूश होतो. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस मी. आठवड्याच्या आत सुटणाऱ्या सांध्यांनी मला प्रश्न पाडायला हवा होता. पाडला नाही.

पाडला तो फार उशिरा, आणि मग मात्र मी त्याचे उत्तरही लगेच शोधले. या जानेवारीत फोनवर एक लेख वाचनात आला : अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते, त्याने सूज तात्काळ उतरते, पण चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. अक्काचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. लेख लांब होता. मी तो अर्ध्यावर सोडला, कारण मला हवे ते मिळाले होते, आणि त्याच रविवारी मी तिच्याकडे पोहोचलो. हलीमाबी तिथेच बसलेली होती. मी दोघींना समजावले. वर्गात समजावतो तसे, शांतपणे, क्रमाक्रमाने. अक्का ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यात काय असंल ते असू दे रं. मला बसता येतंया." मी म्हणालो, अक्का, हा दगा आहे. "असू दे दगा. सुजल्या गुडघ्यानं खरं बोलून मला काय दिलं?" मी उठलो, फडताळातल्या तिच्या पुड्या घेतल्या आणि मोरीत एकेक सोडून वर पाणी ओतू लागलो. ती उठून माझ्यामागे आली. "मल्लू... निदान ह्या आमुश्यापातूरच्या तरी ऱ्हाऊ दे. हळूहळू सोडते की. एकदम नगं." मी म्हणालो, वाईट गोष्ट हळूहळू सोडायची नसते. हे वाक्य मी कधीपासून तयार ठेवले होते कोण जाणे.

हलीमाबीसमोर मी हात पुढे केला. तिने पदराच्या गाठीतली पुडी आणखी आत खोचली. "सर, तुमची भन हाय, तिचं तुमी फेका," ती म्हणाली. "माझं गुडघं मला वापरायचं हाईत." मी तिला म्हणालो, अडाणीपणानेच माणसे मरतात. अक्का तेव्हा भिंतीला टेकून उभी होती. खाली बसली नाही.

दोन-तीन दिवसांत गुडघे पुन्हा सुजले. ते मला अपेक्षित होते. मग तिचा फोन आला, "अंगातलं बळच गेलंया रं. भाकरीचा वास आला तरी मळमळतंय." मी म्हणालो, शरीर स्वच्छ होतंय, थोडं सोस. मग दाजींचे फोन सुरू झाले. "वांत्या थांबंनात. उभी केली की डोळं फिरत्यात." मी प्रयोगशाळेत परीक्षेची मांडणी करत होतो. "विष बाहेर पडतंय, दाजी," मी म्हणालो, "पडू द्या. आणि ती पुडी पुन्हा द्यायची नाही हं. शेजारून आणून दिलीत तर मला कळेल." दाजी "बरं" म्हणाले. हुकूम पाळणारा माणूस... त्याच संध्याकाळी हलीमाबी स्वतःच्या वाटची पुडी घेऊन त्यांच्या दारात गेली होती. अक्काने आतून हात पुढे केला होता. "मल्लूनं न्हाई म्हणून सांगितलंया," असे म्हणून दाजींनी हलीमाबीला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीप काढली.

मी पोहोचलो तेव्हा दुपार पुरती उलटली होती. जीपमध्ये ती पाय लांब करून निजलेली होती, तशीच तिला ओसरीवर ठेवले होते, आणि माणसे माझ्यासाठी थांबली तरी देह थांबलेला नव्हता, तो ताठला होता. आंघोळ झाली. बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. सुजून टणक झालेले गुडघे वाकेनात. विधी करणारे म्हातारे जंगमस्वामी पुढे आले, त्यांनी हात लावून पाहिले आणि हलकेच म्हणाले, "पाय पसरूनच बसवा की. शिवाला मांडीचं काय कवतिक?" भावकीतले थोरले आप्पा दारातून म्हणाले, "आमच्या घरातलं आजवर कुणी पाय पसरून गेलं न्हाई, स्वामी. गाव काय म्हणंल?" मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. माहेरचा माणूस मी; माझा शब्द चालतो. एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो मी तिला फार पूर्वी दिलेलाही होता. सगळे जमले होते, उशीर आधीच माझ्यामुळे झाला होता, आता मी वेगळे काही मागू नये, असे मला वाटले. मी खाली पाहत राहिलो. आप्पांनी त्याचा अर्थ बरोबर लावला. "चल मल्लू, धर. तू सायनचा मास्तर, कुठं दाबायचं तुला ठावं."

एक गुडघा दाजींनी धरला, एक मी. माझ्या तळहाताखाली बिब्ब्याचा वण होता. मी दाबले. "आजून जरा," कोणी तरी म्हणाले, आणि मी आणखी दाबले. आवाज आला. लुगड्याबाहेर उभ्या असलेल्या हलीमाबीने तो ऐकला असणार, कारण तिने तिथल्या तिथे मला एक शिवी दिली. तिच्या भाषेत, स्पष्ट, सर्वांसमोर. तिला कोणी गप्प बसवले नाही. अक्का मांडी घालून बसली. तळहातावर लिंग ठेवले. माती झाल्यावर, त्या रात्री, बसू दक्षिणेतून पोहोचला आणि त्याने विचारले, "मामा, आईची मांडी बसली न्हवं नीट?" मी म्हणालो, हो.

दहा-बारा दिवसांनी मी हलीमाबीला सांगलीला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण गाडीत बसली. डॉक्टरबाईंनी तिच्या मुठी वळवून पाहिल्या, सकाळी किती वेळ आवळून राहते ते विचारले, पुडीचे ऐकल्यावर लेखणी खाली ठेवली. "ही एकदम थांबवली नाहीत ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मग त्यांनी समजावले : शरीर स्वतःही असे एक द्रव्य रोज बनवते, त्याच्यावाचून रक्तदाब टिकत नाही. बाहेरून ते आयते मिळत राहिले की ते बनवणाऱ्या ग्रंथी झोपी जातात. पुडी अचानक बंद केली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. मग अशक्तपणा, उलट्या, चक्कर, आणि वेळेवर सुई मिळाली नाही तर माणूस जातो. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजून, आठवड्या-आठवड्याने कमी करायची असते. मी अक्काचे सांगितले. न तपासलेल्या माणसाबद्दल खात्रीने बोलता येणार नाही, असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सांगताय त्यावरून मात्र... हो." माझा दुसरा प्रश्न मी विचारायला नको होता. या आजारावर खरे औषध आहे का? "आहे की," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा घ्यायच्या साध्या गोळ्या, वेळोवेळी रक्ततपासणी, गुडघ्यांचे व्यायाम. सुरुवातीलाच आला असतात तर सांधे वाचले असते." सांगली त्या गावापासून किती दूर आहे? बायका त्याच रस्त्याने दर अमावस्येला मिरजेच्या पुढे जात होत्या. घरी आल्यावर मी तो लेख पुन्हा उघडला. मी जिथे वाचणे सोडले होते त्याच्या खालच्याच परिच्छेदात लिहिले होते, की अशी औषधे स्वतःहून एकदम बंद करू नयेत.

हलीमाबीच्या पुड्या आता बंद होत आल्या आहेत, मोजूनमापून. आठवड्याची गोळी सुरू आहे. चेहरा उतरला म्हणून गाव तिला विचारते, आजारी आहेस का. परवा सांगलीहून परतताना ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुमच्या हातावर पुडी ठिवली असती तर मीबी अक्काच्या सोबतीला गेले असते. तिला तिथंबी बोलायला कुणीतरी लागतंयच." मी गाडीचा वेग कमी केला. "रडू नगासा," ती म्हणाली, "गाडी चालवा. मला मरायचं न्हाई."

तिने शिवलेली ती गादी दाजींनी मला दिली. हलीमाबी म्हणाली, "कापूस पार दबलाय. आणा, उकलून पिंजून देते, नव्यावाणी हुईल." मी नको म्हणालो. गादीच्या पुढच्या भागात दोन बाजूंना दोन खळगे पडलेले आहेत. ती ताठ बसू शकत होती त्या दोन वर्षांतले. पूजा मी ऐन विशीतच सोडली होती. आता सकाळी ती गादी जमिनीवर टाकून मी मांडी घालून बसतो. अक्का लहान चणीची होती. माझे गुडघे त्या खळग्यांत बसत नाहीत, काठावर राहतात. थोड्या वेळाने ते दुखू लागतात. दुखू लागले की मी पाय पसरतो. मला कोणी दाबून धरत नाही.